अकरा नंबरचा बिल्ला

डल्सी ट्रँटरचं नाव निघालं की लोक आधी तिच्या पावाचं कौतुक करतात. मी करत नाही. पाव तिचा ठीकच असायचा, आणि खरं सांगायचं तर दर खेपेला बुडाशी करपायचा. डल्सीचा खरा हात होता दोरीत. दुपार झाली की त्या उघड्याबोडक्या किनाऱ्यावर दक्षिणेचा वारा सुटतो आणि बादल्या, खुर्च्या, वाळत घातलेल्या चड्ड्या सगळं मागच्या मेंढ्यांच्या रानात जाऊन पडतं. तिथे तंबू उभा कसा ठेवायचा हे तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

आम्ही तिथे पहिल्यांदा सुट्टीला गेलो त्या हिवाळ्यात केलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तंबूचं तोंड समुद्राकडे केलं होतं. बिछान्यात पडल्या पडल्या पाणी दिसलं पाहिजे म्हणे. डल्सी आली. डोक्यावर पुरुषी हॅट, ती उडू नये म्हणून जुन्या पायमोज्याची पट्टी हनुवटीखाली गच्च बांधलेली. आली, बघितलं आणि बुटाच्या टोकाने एका खुंटीला हलकेच ढोसलं. खुंटी उपटून आडवी.

"हे काय ठोकलंयस?"

"खुंटी," केल म्हणाला.

"ही खुंटी? असल्याने मी दात कोरते. तोंड उत्तरेला फिरव. बाईसाहेबांना पाणी बघायचं असेल तर म्हणावं, उठा आणि बाहेर या."

"पाणी मला नाही बघायचं, ह्यालाच बघायचंय," मी म्हटलं.

"असं होय? मग ह्याला रोज बाहेरच झोपव."

तिथेच आमची गट्टी जमली. त्यानंतर बारा हिवाळे आम्ही त्याच जागेवर तंबू ठोकला, तोंड उत्तरेला.

सॉल्ट बोअर हे मेंढ्यांचं स्टेशन, म्हणजे मैलोन्‌मैल पसरलेलं कुरण. मालकाच्या घरापासून किनारा पाऊण तासावर आणि दुकान, दवाखाना असलेलं गाव तिथून आणखी तीन तास, तेही कच्च्या रस्त्याने. डल्सी तिथे आली ती लोकर कातरणाऱ्या टोळीची स्वयंपाकीण म्हणून. नवरा त्याच टोळीत होता. हंगाम संपला, टोळी पुढच्या स्टेशनवर गेली, नवरा टोळीबरोबर गेला आणि ही मागे राहिली. का गं राहिलीस, असं विचारलं तर म्हणायची, "भांडी घासायची राहिली होती." याहून जास्त तिने त्या माणसाबद्दल कधी सांगितलं नाही. पदरात रेलीन नावाची मुलगी होती, ती आजोळी वाढली. पुढे मालकांनी किनाऱ्यावर तंबूवाल्यांना उतरू द्यायला सुरुवात केली आणि डल्सीला राखणीला बसवलं. जागा नेमून देणं, टाकीतलं पाणी बघणं, संडासाच्या खड्ड्यात राख टाकणं, दर गुरुवारी पाव भाजणं. पत्र्याच्या एका जुन्या कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायची. ती कॅरॅव्हॅन तिने ट्रकच्या साखळदंडांनी जमिनीत पुरलेल्या टायरांना जखडून ठेवली होती. एकोणीस हिवाळे ती तिथे राहिली. पोहता येत नव्हतं. समुद्राच्या पाण्यात तिने गुडघ्याच्या वर पाय घातलेला मी कधी पाहिला नाही.

तिला तिथून ज्या चुकीपायी घालवलं ती चूक तिची नव्हती, माझी होती. हे मी आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढे पुन्हा माझी जीभ अडखळेल. मला ती सवयच आहे.

तर तो फळा. टाकीजवळच्या वाटेवर, जिथून कातळाकडे गळ टाकायला जाणारा प्रत्येक माणूस जायचाच, तिथे डल्सीने एक लांब फळी उभी केली होती. फळीवर खिळे आणि प्रत्येक खिळ्याला दुधाच्या पावडरीच्या डब्याच्या झाकणाचा एक बिल्ला. एका बाजूने पांढरा, दुसऱ्या बाजूने लाल. वर जागेचा नंबर, आणि माणशी एक बिल्ला. कातळावर जाताना बिल्ला लाल करायचा, परत आलं की पांढरा. सूर्य बुडाला की डल्सी फळ्यासमोर उभी राहायची. एक जरी बिल्ला लाल दिसला तरी गाडीत बसून तीनदा भोंगा वाजवायची आणि शोधायला निघायची. तिच्या दुसऱ्याच वर्षी दोन तरणेताठे भाऊ त्या कातळावरून लाटेने नेले होते आणि तिसऱ्या दिवसापर्यंत कुणाला पत्ताही नव्हता. त्यानंतर तिने हा फळा केला. ती म्हणायची, "समुद्राला मी काय सांगणार? पण निदान कोण गेलं ते तरी कळेल."

आणि नियम एकच होता. आपला बिल्ला आपल्याच हाताने फिरवायचा. नवऱ्याने बायकोचा नाही, बायकोने नवऱ्याचा नाही. एकदा केलने मला हाक मारून सांगितलं, "माझाही फिरव गं जाता जाता." ते डल्सीने ऐकलं. गुरुवारी पावाच्या रांगेत सगळ्यांदेखत तिने त्याला सुनावलं, "काय रे, घासही बायकोच भरवते का?" पुढे पंधरा दिवस लोक केलला घास भरवायला येत होते.

आमच्या शेजारी अकरा नंबरला वर्न शोल्झ असायचा. गव्हाचा शेतकरी, बायको गेलेली, गुडघा कामातून गेलेला आणि मासेमारीचं असं वेड की जेवण विसरेल पण गळ विसरणार नाही. बिल्ला मात्र हटकून विसरायचा. जाताना लाल करायचा, येताना तसाच सोडून कॅरॅव्हॅनमध्ये जाऊन घोरायला लागायचा, आणि डल्सी बिचारी भोंगा वाजवत कातळावर फेऱ्या मारायची. त्या वर्षी असं चारदा झालं. चौथ्या वेळी तिने त्याला गाडीच्या दिव्यासमोर उभं करून झापलं.

"आणखी एकदा, वर्न. आणखी एकदा असं केलंस ना, तर तुझा गळ मी चुलीत घालीन आणि तुला घरी धाडीन. माझं वय काय, तुझं वय काय! पोरखेळ लावलाय!"

वर्न गळ उचलून कॅरॅव्हॅनमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "नोरीन, डोकंच चालत नाही बघ हल्ली. ही बाई खरंच हाकलेल मला. इथून गेलो तर मी जायचं कुठे गं?" त्याचा चेहरा बघून मला भरून आलं. मला डल्सीचा राग आला, हेही सांगते. म्हाताऱ्या माणसाला एवढं बोलायची काय गरज होती?

त्यानंतर आठवड्याने, ऑगस्टातल्या, म्हणजे आमच्याकडच्या भर हिवाळ्यातल्या, एका संध्याकाळी, वर्न आणि मी कातळावरून परत येत होतो. त्याच्या गुडघ्यामुळे त्याची बादली मी घेतली होती. वारा असा होता की बोललेलं तोंडातून बाहेर पडायच्या आत पळून जात होतं. मी पुढे, तो पन्नास-साठ पावलं मागे. फळ्यापाशी आले तेव्हा मी वळून पाहिलं. तो येत होता, हात हलवला त्याने. मी माझा बारा नंबरचा बिल्ला पांढरा केला. शेजारी अकरा नंबर लाल. मनात म्हटलं, हा आता विसरणार आणि पुन्हा बोलणी खाणार. आणि फिरवला. एवढंच. डोळ्यांना दिसत असलेल्या माणसाचा बिल्ला फिरवला.

तेवढ्यात केलची आरोळी आली. तंबूपुढचं कापड वाऱ्याने फाडून काढलं होतं आणि तो एका टोकाला लोंबकळत होता. मी वर्नची बादली त्याच्या पायरीवर टेकवली आणि धावले. तासभर आम्ही त्या कापडाशी झुंजत होतो. वर्नच्या खिडकीत दिवा नव्हता, पण तो कोंबड्यांबरोबर झोपणारा माणूस. मी बघितलंसुद्धा नाही नीट.

त्याने हात हलवला होता तो मला थांबवायला. मासा ओढायचा आकडा कातळावर राहिला होता, तो आणायला तो परत गेला.

सूर्य बुडाल्यावर डल्सी फळ्यासमोर उभी राहिली. सगळे बिल्ले पांढरे. ती घरी गेली.

सकाळी बादली पायरीवर तशीच होती. मासे तसेच. सगळे धावलो. आठच्या सुमारास तो सापडला, कातळाखालच्या एका घळीत, तो आकडा शेजारीच, पाय मोडलेला, पाण्याच्या रेषेच्या वर. लाटेने आत फेकला होता, पण नेला नव्हता. तोवर सगळं संपलं होतं. विमानाने आलेला डॉक्टर म्हणाला की निम्मी रात्र तरी तो जिवंत असावा, थंडीने गेला. म्हणजे तो हाका मारत असणार. आणि डल्सीचा भोंगा त्या रात्री वाजलाच नाही.

पोलिसांनी आम्हा सगळ्यांना फळ्यापाशी गोळा केलं. सार्जंटने बोट लावून विचारलं, "हा बिल्ला कुणी फिरवला?"

सांगायचं होतं मला, देवाशपथ. तोंड उघडलंही होतं. केलने माझं कोपर धरलं. जोरात नाही, नुसतं धरलं. आणि त्या एका क्षणात डल्सी बोलली.

"मीच फिरवला असेन," ती म्हणाली. "चारच्या सुमारास मी बिल्ले पुसले. मिठाने गंजतात, म्हणून रॉकेलच्या फडक्याने रोज पुसते. काढते, पुसते, परत अडकवते. एखादा उलटा लागला असेल."

"लागला असेल, की लागला?"

"आठवत नाही मला."

मी मूग गिळून गप्प बसले. नुसती गप्प नाही बसले, माझ्या छातीवरचा दगड उतरला. चला, म्हटलं, असंही झालं असेल. कुणी सांगावं? चारला तिने उलटा लावला असेल, मग मी फिरवला तेव्हा... पण मी फिरवला तेव्हा तो लाल होता. मला माहीत होतं. तरी दिवसभर मी स्वतःशी हिशेब जुळवत बसले, जणू जुळला असता.

"सांगते मी उद्या," मी केलला तंबूत म्हटलं.

"काय होईल सांगून? वर्न उठून येणार आहे? पोलीस तुलाच धरतील. आणि तिने स्वतःच कबूल केलंय ना?"

"तिने कबूल नाही केलं. ती म्हणाली, असेल."

"झोप आता, नोरीन."

चौकशी झाली, राखणदाराच्या हलगर्जीपणावर ठपका बसला. मालक ब्राइस, ज्याला डल्सीने लहानपणी पावाला साखर लावून चारलं होतं, जो तिला जन्मभर ‘डल्स’ म्हणत आला, तो गाडीतून उतरला आणि ‘मिसेस ट्रँटर’ म्हणाला. आम्हाला तेव्हाच कळलं. रविवारपर्यंत जागा सोडा, वकील म्हणतात, माझा इलाज नाही. बोलताना तो तिच्याकडे नाही, टाकीकडे बघत होता.

ती काही भांडली नाही. ज्या बाईने खुंटीवरून, पावावरून, संडासाच्या राखेवरून अख्ख्या किनाऱ्याशी भांडणं केली, ती त्या दिवशी फक्त म्हणाली, "साखळ्या खणून काढायला दोन माणसं लागतील."

माणसं लागली चार. सगळे मदतीला आले. टायर वर आले तेव्हा जमिनीत एवढाले खड्डे पडले. मी काय केलं सांगू? मी तिला फळांचा केक करून दिला. वाटेत खायला! तिने तो हातात घेतला आणि म्हणाली, "तू एकटीच आहेस जी माझ्या डोळ्यांत बघून बोलतेयस." मी बघत होते कारण दुसरीकडे कुठे बघावं तेच मला कळत नव्हतं. तेव्हाही सांगता आलं असतं. गाडी सुरू होती, खिडकी उघडी होती, आणि माझं तोंड तिच्या कानापासून वीतभर लांब होतं.

"सांभाळून जा," मी म्हटलं.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. हो, गेलो. कातळाला तारेचं कुंपण, फळा उपटलेला, छापील नियमांचे कागद वाटणारं एक नवं जोडपं. बैल गेला आणि झोपा केला, तशातली गत. नव्या राखणदाराला गाठ मारता येत नव्हती. त्या हिवाळ्यात सात तंबू उडाले आणि लोक म्हणायचे, "डल्सी असती तर." मग कुणीतरी हळूच पुस्ती जोडायचं, "चांगली होती हो, पण शेवटी तिच्या हातून..." मी तिथे बसून बटाटे सोलत असायचे. त्यानंतर मी केलला सांगितलं, आता पुरे. परत गेलो नाही.

पत्रं लिहिली. एकूण किती ते माहीत नाही. ‘प्रिय डल्सी’ इथपर्यंत अक्षर छान यायचं. केल होता तोवर तो म्हणायचा, नको. केल गेला, मग नको म्हणायला कुणी उरलं नाही, तेव्हा मला कळलं की केलचं नुसतं निमित्त होतं. भित्री मी होते. आणखी दोन वर्षं त्यातच काढली.

शेवटी गेल्या मार्चमध्ये रेलीनला फोन केला. डल्सीच्या मुलीला. म्हणाली, "आई वृद्धाश्रमात आहे, जेराल्डटनला. पाय गेले, डोकं शाबूत आहे. या ना मावशी, तिला बरं वाटेल. तिकडचं कुणीच येत नाही हो तिच्याकडे." मी पाच तास गाडी हाकली. सगळ्या वाटेत एकच वाक्य घोकत होते.

खिडकीशी बसली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, चिमणीएवढी झालेली. मला बघताच म्हणाली, "नोरीन! अगं किती फुगलीस! तुझा तंबू आता खुंटीशिवायसुद्धा उडायचा नाही."

मी हसले आणि लगेच रडले. मग खुर्ची ओढून, तिचे दोन्ही हात धरून, घोकलेलं वाक्य बोलले. "डल्सी, वर्नचा बिल्ला मी फिरवला होता. तू नाही. मी."

ती रागावली नाही, दचकली नाही.

"नाही गं," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "मीच फिरवला. आधी आठवत नव्हतं, पण नंतर सगळं आठवलं. डाव्या हातात फडकं होतं. अकरा नंबर काढला, पुसला, तेवढ्यात टाकीपाशी कुणीतरी नळ उघडा ठेवलेला दिसला. मी ओरडले आणि न बघता अडकवला. पांढरा. मला दिसतो तो रोज. झाकणावर एक पोचा होता, तोसुद्धा दिसतो."

"अगं, असं झालंच नाही! मी आले तेव्हा तो लाल होता. वर्न माझ्यामागून येत होता, तू त्याला पुन्हा बोलशील म्हणून मी माझ्या ह्या हाताने फिरवला. केलला विचार..." केलला कुठून विचारणार? "देवाशपथ सांगते, डल्सी. तुझी काहीही चूक नव्हती."

"तुझी काहीही चूक नव्हती," तिने माझेच शब्द परत म्हटले आणि हसली. "इथला पाद्री हेच म्हणतो. नर्स हेच म्हणते. रेलीन तर अकरा वर्षं हेच म्हणतेय. तिनेच पाठवलं ना तुला?"

"मला कुणीही पाठवलेलं नाही!"

मी ओरडलेच. शेजारच्या खाटेवरची म्हातारी जागी झाली. डल्सीने माझ्या हातावर थोपटलं, लहान मुलाला थोपटतात तसं.

"बाकीचे नुसते म्हणतात गं, तुझी चूक नाही. पण स्वतःच्या अंगावर घ्यायला तूच एकटी आलीस. सख्खी बहीणसुद्धा करणार नाही. पण नको नोरीन, माझ्यासाठी असलं काही बोलू नकोस. मला सवय झालीय आता. रोज सकाळी वर्नची क्षमा मागते, मग चहा पिते. चाललंय."

मी पुन्हा सांगितलं. पहिल्यापासून, बादलीसकट, कापडासकट, सार्जंट, माझं कोपर, सगळं. ती शेवटपर्यंत ऐकत होती, मान डोलावत होती, मधेच माझे डोळे पुसायला तिने आपला रुमालही दिला. मी थांबले तेव्हा म्हणाली, "किती विचार केलायस गं माझ्यासाठी."

मग नर्स चहाची गाडी ढकलत आली. डल्सी ताठ बसली, माझा हात वर उचलून तिला दाखवला. एवढी खुशीत मी तिला पूर्वी कधी पाहिली नव्हती.

"ही माझी मैत्रीण," ती म्हणाली. "पाच तास गाडी चालवून आलीय. माझ्यासाठी खोटं बोलायला."

नर्स हसली आणि मला विचारलं, साखर किती घालू.